डासांच्या अळ्यांवर वनस्पतींचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क: करायचा कसा, तपासायचा कसा

निंबोळीचा अर्क बादलीत ओतला, दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसल्या, म्हणजे अर्क लागू पडला, असं मानायची घाई बहुतेक नवखे करतात. त्या अळ्या अर्कात घातलेल्या साबणाने मेल्या असतील. शेवाळाचा अर्क असेल तर त्यातल्या मिठाने, मिथेनॉलमध्ये काढलेला असेल तर मिथेनॉलने, नाहीतर थेट नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने. म्हणून या कामात सगळ्यात मोलाचा कप तो, ज्यात अर्क टाकलेलाच नसतो. त्याला कंट्रोल म्हणतात, आणि पुढे तो जागोजागी येणार आहे.

प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणारे शिक्षक आणि घरच्या हौदासाठी काही करता येईल का हे पाहणारे, अशा सगळ्यांसाठी ही रीत आहे. पाण्यातला अर्क घरी करता येतो. मिथेनॉल, ॲसिटोन वगैरे वापरायचं असेल तर मात्र कॉलेजची प्रयोगशाळा हवी, घरचा ओटा नको.

आधी अळी ओळखा

आपल्याकडे तीन डासांशी गाठ पडते. एडीस हा डेंगी आणि चिकुनगुन्याचा. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: पिंप, हौद, कुंडीखालची ताटली, फेकलेला टायर. क्युलेक्स गटारात, सेप्टिक टँकमध्ये, साचलेल्या घाण पाण्यात; हत्तीरोगाचा प्रसार त्याच्याकडून होतो. मलेरियाचा ॲनाफिलीस शहरात बहुधा गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत सापडतो.

अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून असेल तर ती ॲनाफिलीसची. डोकं खाली, शेपटी वर करून तिरकी लोंबत असेल तर एडीस किंवा क्युलेक्स. या दोघांत शेपटीकडची श्वासनळी बघा: आखूड आणि जाडसर असेल तर एडीस, लांब आणि निमुळती असेल तर क्युलेक्स. दहा रुपयांचं भिंगही पुरतं, पण पक्कं करायचं तर सूक्ष्मदर्शक हवा. एकाच कपात दोन जातींच्या अळ्या मिसळल्या की आकडा कोणाचाच राहत नाही, कारण एकच अर्क दोन जातींवर सारखा चालत नाही.

अळी चार टप्प्यांत वाढते आणि मग कोषात जाते. कोष स्वल्पविरामासारखा वाकलेला असतो आणि तो काही खात नाही, त्यामुळे पोटातून भिनणारं विष त्याला लागत नाही. चाचणीसाठी तिसऱ्या टप्प्यातल्या किंवा चौथ्याच्या सुरुवातीच्या अळ्या घ्यायच्या. पहिल्या टप्प्यातल्या नाजूक अळ्या घेतल्या तर कुठलाही अर्क जादूचा वाटतो.

एकाच वयाच्या अळ्या मिळवायच्या कशा

गटारातून डावाने उचललेल्या अळ्या वेगवेगळ्या वयाच्या असतात, काही आजारी असतात, आणि त्या पाण्यात आधी कुठली फवारणी झाली आहे ते आपल्याला माहीत नसतं. सोपा उपाय म्हणजे क्युलेक्सची अंडी धरणं. काळ्या बादलीत अर्धी बादली पाणी आणि दोन मुठी वाळलेलं गवत टाकून चार-पाच दिवस कुजू द्या. हे पाणी गाळून संध्याकाळी अंगणात सावलीला ठेवा. सकाळी पाण्यावर काजळीच्या तुकड्यासारखं काहीतरी तरंगताना दिसेल, लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. नीट पाहिलं तर तो तुकडा म्हणजे उभ्या अंड्यांचा एकमेकांना चिकटलेला तराफा असतो. एका तराफ्यात शंभर ते तीनशे अंडी. लहान ब्रशने तो उचलून ट्रेमधल्या स्वच्छ पाण्यात सोडा. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि उबदार हवेत साधारण पाच-सहा दिवसांत अळ्या तिसऱ्या टप्प्याला येतात. सगळ्या एका रात्रीच्या असल्याने वय आपोआप सारखं.

पूर्ण चाचणीला सहा-सातशे अळ्या लागतात, म्हणून एकाच रात्रीचे पाच-सहा तराफे धरा. बादली घरात आणून विसरू नका. आठवड्यात तीच डासांचा कारखाना होते.

एडीस हवा असेल तर डास पाळणाऱ्या प्रयोगशाळेतून कागदाच्या पट्टीवर वाळवलेली अंडी मिळवा. उकळून गार केलेल्या पाण्यात पट्टी बुडवली की अंडी जवळजवळ एकदम फुटतात, कारण ऑक्सिजन कमी झाला की त्यांना फुटायची खूण मिळते.

खाणं म्हणून कुत्र्याचं बिस्किट तीन भाग आणि यीस्ट एक भाग, बारीक दळून. एका लिटरला दोन-अडीचशे अळ्या आणि रोज चिमटीतली चिमूट एवढंच. जास्त घातलं तर पाण्यावर पांढरी साय धरते आणि अळ्यांना श्वास घ्यायला पृष्ठभागच उरत नाही. पाळताना अळ्या मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ट्रेवर सुरुवातीपासून जाळी बांधा.

कोणती वनस्पती

कडुनिंबाने सुरुवात करा, पण एक गोष्ट लक्षात घेऊन. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीला झटक्यात मारत नाही. ते तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. त्यामुळे २४ तासांनी कपात डोकावलं तर अळ्या हलताना दिसतात आणि नवखा माणूस ‘निंबोळी कुचकामी’ असं वहीत लिहून मोकळा होतो. निंबोळीचा निकाल कसा वाचायचा ते पुढे वेगळं सांगितलं आहे. निंबोळ्या पिकून पिवळ्या झालेल्या, झाडाखाली पडलेल्या ताज्या घ्या, गर काढून सावलीत वाळवा आणि गोणपाटाच्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी लागते. आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनं बी नको.

सीताफळाचं बी हे जोरदार. त्यातली ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं पेशीची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडतात, म्हणून २४ तासांत परिणाम दिसतो. पण हीच यंत्रणा माशांत आणि माणसांतही असते. बी दळताना चष्मा आणि मास्क हवाच. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी डोक्याला ही पूड लावून डोळे गमावण्याची वेळ आलेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांना ठाऊक आहेत. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा.

निरगुडी, टणटणी, तुळस, पिवळा धोत्रा, करंज यांच्यावर पुष्कळ काम झालं आहे आणि कुठल्याही कॉलेजात ती सहज मिळतात. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीनही अळ्या मारतं, फक्त ते उडून जातं, म्हणून उघड्या टाकीत टिकत नाही. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात आणि गोव्यात फुकटात मिळण्यासारखं आहे आणि अळ्यांवर चांगलं चालतं. पण कातडीला लागलं की फोड येतात. पहिल्या प्रकल्पाला ते घेऊ नका.

झेंडूची मुळं हा मजेशीर प्रकार. त्यातलं अल्फा-टरथायनील उजेडातल्या अतिनील किरणांनी जागं होतं. कपाटात बंद ठेवलेल्या कपात अळ्या धडधाकट आणि खिडकीतल्या कपात मेलेल्या, असं झालं तर चूक तुमची नाही, झेंडूचा स्वभाव तसा आहे.

समुद्री शेवाळ

कोकण-गोव्याच्या कातळ किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर शेवाळ येतं आणि हिवाळाभर भरात असतं. रत्नागिरी, मालवण, कुणकेश्वर, गोव्यात हणजूण ही ओळखीची ठिकाणं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा कातळ उघडा पडतो. ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरलं की निघा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नका.

नवख्याने ओळखायला सोपे चार: सरगॅसम हे तपकिरी, फांद्यांवर वाटाण्याएवढ्या हवेच्या पिशव्या असलेलं. उल्वा म्हणजे हिरवा, पातळ, ओल्या कागदासारखा पापुद्रा. कॉलर्पाच्या एका जातीला हिरव्या द्राक्षांसारखे बारीक घोस असतात. पॅडिना पंख्यासारखं, त्यावर गोल रेघा. पॅडिनाच्या अंगावर चुन्याचा थर असतो, त्यामुळे वजन भरपूर भरतं आणि अर्क थोडा निघतो; पॅडिनात अर्क कमी निघाला म्हणून चकित होऊ नका.

वाळूवर वाहून आलेलं शेवाळ घ्यायचं नाही. ते कुजायला लागलेलं असतं आणि त्यात चार जाती मिसळलेल्या असतात. कातळावरचं कात्रीने कापा, बुडखा तसाच ठेवा म्हणजे पुन्हा फुटेल. प्रत्येक जातीचा एक तुकडा जाड कागदावर पसरवून दाबून वाळवा आणि तारीख, ठिकाण लिहून जपा. जातीचं नाव जाणकाराकडून पक्कं करून घ्या. झाडांसाठी पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र किंवा आघारकर संशोधन संस्था, शेवाळासाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशी जाणकारांची ठिकाणं आहेत.

धुणं हे शेवाळाच्या कामातलं खरं काम. पहिली खळबळ तिथेच समुद्राच्या पाण्यात. घरी आणल्यावर नळाच्या पाण्यात मऊ ब्रशने. फांदीच्या बेचक्यात मोहरीएवढे शंख, केसासारखे किडे, वाळूचे कण अडकलेले असतात. फांदी बोटांनी उलगडून एकेक काढावं लागतं, नाहीतर अर्क शेवाळाचा कमी आणि शंखांचा जास्त. पण गोड्या पाण्यात भिजत ठेवू नका. गोड्या पाण्यात त्याच्या पेशी फुगून फुटतात आणि जे हवं तेच वाहून जातं. दोन-तीन पाण्यांत झटपट धुवा, निथळा, सुती कापडावर सावलीत पसरा. चार ते सात दिवस लागतात. शेवटी ओव्हनमध्ये ४० अंशांवर काही तास. कुरकुरीत झालं की दळा आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, कारण त्यातलं मीठ कोकणातल्या दमट हवेतून पाणी ओढतं आणि पुडीचे गोळे होतात.

ओल्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणी असतं. दहा किलो आणलं तर हातात दीड किलोच्या आसपास पूड. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

अर्क काढणं

घरचा, पाण्यातला: ५० ग्रॅम निंबोळीची भरड पूड ५०० मिलि पाण्यात रात्रभर, साधारण १२ तास भिजवा. मलमलच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळा, मग कापसाच्या बोळ्यातून, आणि हवं असेल तर शेवटी फिल्टर पेपरमधून. थेट फिल्टर पेपरवर ओतलं तर तेल आणि बुळबुळीत गाळ यांनी तो पाच मिनिटांत तुंबतो. हा अर्क त्याच दिवशी वापरायचा. दुसऱ्या दिवशी आंबट वास आला की फेकून द्या.

शेतकरी ज्याला ५ टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो ५ किलो पुडीपासून केलेलं १०० लिटर पाणी असतं. त्यात ५ टक्के अर्क असतो असं नाही. पुडीचे ग्रॅम आणि अर्काचे ग्रॅम यांची गल्लत प्रकल्पांच्या वह्यांत फार दिसते. खरा आकडा काढायला १० मिलि गाळलेला अर्क आधी वजन केलेल्या वाटीत आटवा आणि पुन्हा वजन करा. ०.१२ ग्रॅम भरलं तर तुमच्या अर्कात मिलिमागे १२ मिलिग्रॅम, म्हणजे १२,००० पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) घन पदार्थ आहे.

प्रयोगशाळेतला: १०० ग्रॅम पूड, ५०० मिलि मिथेनॉल किंवा इथेनॉल, झाकणाच्या काचेच्या बाटलीत तीन दिवस. दिवसातून दोन-तीनदा हलवा. गाळा, चोथ्यावर पुन्हा ताजं मिथेनॉल घालून एक फेरी करा, दोन्ही वेळा गाळलेलं द्रावण एकत्र करा. रोटरी इव्हॅपोरेटरवर, म्हणजे कमी दाबाखाली मिथेनॉल उडवून लावणाऱ्या यंत्रावर, ४० ते ४५ अंशांच्या आत आटवा. ते नसेल तर फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून टाकणारं कपाट) पसरट भांड्यात, वॉटर बाथवर. उघड्या ज्योतीजवळ मिथेनॉल न्यायचं नाही. मागे काळपट-हिरवा, काकवीसारखा चिकट अर्क उरतो. त्याला मिथेनॉलचा वास येत असेल तर तो अजून आटलेला नाही. वजन दोनदा सारखं येईपर्यंत थांबा. काळ्या बाटलीत, फ्रिजमध्ये ४ अंशांवर.

शेवाळाला इथे मिठाची अडचण आहे. पाणी आणि मिथेनॉल दोन्ही मीठ ओढून घेतात, इथिल ॲसिटेट हे तिसरं द्रावक फारसं घेत नाही. म्हणून शेवाळासाठी इथिल ॲसिटेटचा अर्क जास्त विश्वासाचा. पाण्यातलाच अर्क घ्यायचा असेल तर पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर वापरा. अर्क घातलेल्या कपात जो आकडा दिसेल, तोच आकडा येईपर्यंत एका साध्या पाण्याच्या कपात मीठ घाला. हा तुमचा मिठाचा कंट्रोल. त्यातल्या अळ्याही तेवढ्याच मेल्या तर तुमच्या शेवाळाने काहीच केलेलं नाही.

मात्रा तयार करणं

आधी अंदाज घ्या: १०, १०० आणि १००० पीपीएम, प्रत्येकी दहा अळ्या. कुठे थोड्या मरतात आणि कुठे जवळपास सगळ्या मरतात ते कळलं की त्या दोन टोकांच्या मध्ये चार-पाच मात्रा निवडा, १० ते ९५ टक्क्यांमध्ये मरण येईल अशा. सगळ्याच कपांत शंभर टक्के मेल्या तर त्या आकड्यांतून काहीही काढता येत नाही.

समजा १२.५, २५, ५०, १०० आणि २०० पीपीएम ठरल्या. २०० मिलिग्रॅम वाळलेला अर्क १० मिलि ॲसिटोनमध्ये विरघळवा. ही पहिली नळी, मिलिमागे २० मिलिग्रॅम. तिच्यातून ५ मिलि दुसऱ्या नळीत, त्यात ५ मिलि ॲसिटोन. दुसरीतून ५ मिलि तिसरीत, पुन्हा ५ मिलि ॲसिटोन. असं पाचव्या नळीपर्यंत. आता प्रत्येक नळीतला १ मिलि ९९ मिलि पाण्यात घातला की बरोबर या पाच मात्रा होतात, आणि प्रत्येक कपात ॲसिटोन सारखंच जातं, १ मिलि. हे सारखेपण महत्त्वाचं आहे. एकाच द्रावणाचे ०.१, ०.५, २ मिलि असे थेंब घालत गेलात तर मात्रेबरोबर ॲसिटोनही वाढतं आणि कोणी मारलं ते सांगता येत नाही. कंट्रोलच्या कपांतही १ मिलि ॲसिटोन घालायचं. शिवाय एक जोडी निव्वळ पाण्याची ठेवा.

पाण्यात तेलाचा तवंग धरून अर्क वर तरंगत असेल तर ट्वीन ८० या साबणासारख्या द्रव्याचा एखादा थेंब चालतो, पण तोच थेंब कंट्रोललाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, अळीची श्वासनळी पृष्ठभागाला धरून राहू शकत नाही आणि ती बुडून मरते. साबणाचा कंट्रोल न ठेवता केलेला निंबोळी-साबण प्रयोग म्हणजे साबणाचा प्रयोग.

चाचणी

जागतिक आरोग्य संघटनेची २००५ ची पद्धत जगभर वापरतात, तीच वापरा. नाहीतर तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहता येणार नाही.

नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. प्लॅस्टिकचे किंवा कागदी कप घ्या, पाण्याची खोली ५ ते १० सेंटिमीटर येईल असे. पसरट वाटी नको. प्रत्येक कपात २५ अळ्या, प्रत्येक मात्रेला चार कप, कंट्रोललाही चार. प्लॅस्टिकच्या ड्रॉपरचं टोक कात्रीने कापून तोंड मोठं करा म्हणजे अळ्या चेंगरत नाहीत. मोजून घातल्यावर पाच मिनिटं थांबा आणि ज्या अळ्या आत्ताच निपचित आहेत त्या बदला. मग पाणी ९९ मिलिपर्यंत आणा, अर्क घाला, काचकांडीने हलकेच ढवळा, वेळ लिहा, जाळी बांधा. तापमान २५ ते २८ अंश. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही चाचणी करायची नाही, कंट्रोलच मरेल.

२४ तासांनी मोजणी. इथे घाई नको. मेलेली अळी ओळखायची खूण म्हणजे सुईने शेपटीकडच्या नळीला किंवा मानेला टोचलं तरी हलत नाही ती. पण त्याआधी कपाला टिचकी मारून बघा. धडधाकट अळी टिचकीसरशी वळवळत तळाला जाते आणि थोड्या वेळाने वर येते. काही अळ्या तळाशी पडून नुसती मान हलवतात, वर यायचा प्रयत्न करतात आणि अर्ध्यातून परत खाली जातात. या मरणासन्न. त्यांची गिनती मेलेल्यांतच करायची. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडलेले बरे, कारण नेमक्या याच अळ्यांवरून मतभेद होतात. चाचणी चालू असताना कोषात गेलेल्या अळ्या वेगळ्या मोजा. कंट्रोलमधल्या १० टक्क्यांहून जास्त अळ्या कोषात गेल्या तर तुम्ही वयाने मोठ्या अळ्या घेतल्या होत्या, चाचणी रद्द.

कंट्रोलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत मरण आलं तर दुर्लक्ष करा. ५ ते २० टक्के असेल तर ॲबटच्या १९२५ च्या सूत्राने दुरुस्ती. २० च्या वर असेल तर सगळं फेकून पुन्हा सुरुवात, कितीही जिवावर आलं तरी. दुरुस्ती अशी: अर्काच्या शंभर अळ्यांपैकी ७७ मेल्या, कंट्रोलच्या शंभरातल्या ८. ७७ मधून ८ वजा केले, ६९. शंभरातून ८ वजा केले, ९२. ६९ भागिले ९२ गुणिले १००, म्हणजे ७५ टक्के.

पूर्ण चाचणी वेगवेगळ्या तीन दिवशी करा, दर वेळी नवं द्रावण आणि नव्या अळ्या घेऊन. मग प्रॉबिट विश्लेषणाने (मात्रा आणि मरणाचं प्रमाण यांचं नातं काढायची सांख्यिकी पद्धत) एलसी५० आणि एलसी९० काढा, म्हणजे अनुक्रमे निम्म्या आणि ९० टक्के अळ्या मारणारी मात्रा. एक्सेलमध्ये जमतं, आर या मोफत प्रणालीत अधिक नीट. ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा ती टोकं, दिल्याशिवाय आकडा छापू नका. शक्य असेल तर टेमीफॉस (अळ्या मारणारं रासायनिक औषध) किंवा बीटीआयचा (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासूनचं औषध) एक संच शेजारी चालवा. त्यातही अळ्या मेल्या नाहीत तर गडबड तुमच्या अर्कात नसून अळ्यांत किंवा मोजणीत आहे.

निंबोळीचं घड्याळ वेगळं

कात टाकणं बिघडवणाऱ्या अर्कांसाठी चाचणी २४ तासांवर थांबवायची नाही. अळ्यांना एक दिवसाआड लिटरमागे १० मिलिग्रॅम खाणं द्या आणि कंट्रोलमधले सगळे डास बाहेर पडेपर्यंत मोजत राहा. मोजायचं ते किती मेल्या हे नव्हे, किती डास उडाले हे. निंबोळीच्या कपात अर्धी कात अंगाला चिकटलेल्या अळ्या, अळी आणि कोष यांच्यामध्येच अडकलेले जीव आणि कोषातून अर्धवट निघून पाण्यावर पडलेले डास दिसतील. हे सगळे ‘उडाले नाहीत’ या रकान्यात. कंट्रोलमधून ८० टक्क्यांपेक्षा कमी डास निघाले तर चाचणी बाद.

कपातून टाकीत

एलसी५० शंभर पीपीएमच्या आत आला की अर्क पुढे अभ्यासण्याजोगा, पन्नासच्या आत आला तर चांगला, असा ढोबळ मापदंड आहे. आता हिशोब करा. समजा तुमच्या शेवाळाचा एलसी९० आला १५० पीपीएम. हजार लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम वाळलेला अर्क लागेल. पुडीतून ८ टक्के अर्क निघत असेल तर जवळपास १.९ किलो पूड, म्हणजे बारा-साडेबारा किलो ओलं शेवाळ. एका टाकीला, एका वेळी, आणि तरी दहातली एक अळी जिवंत. टेमीफॉसची मात्रा १ पीपीएम, त्याच टाकीला एक ग्रॅम. म्हणून कच्च्या अर्काने गावाचे डास जातील असं कोणी सांगितलं तर त्याला हा हिशोब विचारा. अर्कातला नेमका कुठला घटक काम करतो ते शोधायला कच्चा अर्क उपयोगी आहे. टाकीत ओतायची वस्तू म्हणून तो महागात जातो.

पिण्याच्या किंवा भांडी धुण्याच्या पाण्यात यातलं काहीही घालू नका. सरगॅसममध्ये आर्सेनिक साठतं, सीताफळाचं बी विषारी आहे, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द यकृताला वाचता येत नाही. गप्पी मासे सोडलेल्या हौदात टाकण्याआधी एका बादलीत त्याच मात्रेत पाच-सहा गप्पी दोन दिवस ठेवून बघा. बरेचदा अळ्यांआधी मासेच मरतात: अळी हवेतून श्वास घेते, मासा पाण्यातून, आणि कुजणारा अर्क पाण्यातला ऑक्सिजन संपवतो.

पाण्यातला निंबोळी अर्क वापरायची शहाणपणाची जागा म्हणजे जे पाणी उपसता येत नाही आणि कोणी वापरत नाही ते: बांधकामावरचा साचलेला खड्डा, लिफ्टचा खड्डा. तिथेही आठवड्याला ताजा घालावा लागतो, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विघटतं आणि अळी सात ते दहा दिवसांत डास होते. जुना, पातळ, आंबलेला अर्क तसाच सोडला तर उलटंच होतं. अंडी धरायला गवताचं पाणी कुजवलं होतं ते आठवा: क्युलेक्सच्या मादीला तोच वास हवा असतो.

बाटलीत भरून, लेबल लावून विकायचा विचार असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, अर्क झाडाचा असला तरी.

चाचणी संपली की सगळ्या कपांत, कंट्रोलमध्येसुद्धा, उकळतं पाणी ओता आणि मगच मोरीत टाका. ॲसिटोन-मिथेनॉलच्या बाटल्या मोरीत रिकाम्या करायच्या नाहीत, त्यांचा डबा प्रयोगशाळेत वेगळा असतो. आणि घरच्या हौदात एडीस सापडला असेल तर अर्कापेक्षा काथ्याचा ब्रश आधी घ्या. एडीसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेघेच्या किंचित वर भिंतीला चिकटवते. हौद वाळवला तरी ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. रेघेच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं जोर लावून घासा, ते पाणी गटारात न सोडता उन्हातल्या मातीवर ओता, आणि हौद भरल्यावर झाकण लावा. हे दर आठवड्याला एकदा.